एनईएसचा लाल दिवा लुकलुकतोय? चौथी पिन कापण्याआधी हे तपासा

निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम, म्हणजे एनईएस हा टीव्हीला जोडायचा जुना गेम-कन्सोल, दुरुस्तीला येतो तेव्हा तक्रार बहुतेक वेळा एकच असते. लाल दिवा लुकलुकतो आणि खेळ काही सुरू होत नाही. आणणाऱ्याने कुठेतरी वाचलेलं असतं की आतल्या एका चिपची चौथी पिन कापली की काम होतं, आणि तो कटर घेऊनच तयार असतो. ती पिन कापणं हा नवशिक्याला जमण्यासारखा चांगला बदल आहे आणि पुढे मी तो नीट सांगणारही आहे. पण तो यादीत शेवटाकडे येतो. त्याआधीच्या पायऱ्या स्वस्त आहेत, आणि बरेचसे कन्सोल तिथेच बरे होतात.

आधी लक्षणं ओळखा

- दिवा साधारण सेकंदाला एकदा पेटतो-विझतो आणि पडदाही त्याच तालात उजळतो-मावळतो. हा लेख मुख्यतः याच बिघाडाबद्दल आहे.
- दिवा स्थिर आहे, पण पडदा नुसता एकरंगी, बहुधा राखाडी.
- दिवा स्थिर आहे, खेळ सुरूही होतो, पण चित्रं तुटलेली, अक्षरांच्या जागी भलतेच ठोकळे, उभ्या रेघा.
- कार्ट्रिज (खेळाची डबी) दाबून धरली किंवा किंचित बाहेर ओढली की चालते, हात काढला की बंद.
- दिवा लागतच नाही. हा वीजपुरवठ्याचा प्रश्न आहे, त्याचा लुकलुकण्याशी संबंध नाही.

पहिली चार लक्षणं वेगवेगळी दिसली तरी मूळ बहुधा एकच असतं. कार्ट्रिज आणि मदरबोर्ड यांच्यात ७२ संपर्क आहेत आणि त्यांतले काही नीट टेकत नाहीत. कोणते टेकत नाहीत त्यावर लक्षण ठरतं.

दिवा लुकलुकतो म्हणजे नेमकं काय होतं

कन्सोलमध्ये एक लॉकआउट चिप, म्हणजे अनधिकृत कार्ट्रिज अडवणारी चिप, आहे आणि प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप. कन्सोल सुरू झाला की दोघी एकाच हिशेबाने आकड्यांची मालिका तयार करतात आणि एकमेकींशी ताडून पाहतात. दोन मुलं समोरासमोर बसून एकच पाढा एका दमात म्हणतात, तसं. एकाचा आकडा चुकला किंवा ऐकूच आला नाही, की कन्सोलमधली चिप मुख्य प्रोसेसर आणि चित्राची चिप, दोघांनाही रीसेट करते. मग पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र सेकंदाला साधारण एकदा फिरतं आणि दिव्यात तेच दिसतं.

या संवादासाठी फक्त चार संपर्क लागतात: ३४, ३५, ७० आणि ७१ क्रमांकाचे. ते कनेक्टरच्या एका टोकाला, पाच व्होल्टच्या ३६ आणि ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) ७२ क्रमांकाला लागून आहेत. त्यांतला एक जरी मळला तरी दिवा लुकलुकतो, बाकी सगळे स्वच्छ असले तरीही. उलट हे चार टेकले आणि दुसरीकडची एखादी डेटालाइन तुटली, तर दिवा स्थिर राहतो आणि पडदा राखाडी किंवा चित्र विस्कटलेलं. म्हणून दिवा लुकलुकणं आणि राखाडी पडदा हे दोन वेगळे रोग समजू नका.

हे सगळं पुढून झाकण उघडून कार्ट्रिज आत सरकवायच्या आणि खाली दाबायच्या मॉडेलला लागू आहे. १९८३ च्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे एनईएसच्या मूळ जपानी रूपात, ही चिप नव्हती आणि तिथे संपर्क ६० होते. १९९३ मध्ये आलेल्या, वरून कार्ट्रिज घालायच्या एनईएसमधूनही ही चिप काढून टाकली होती. त्यामुळे या दोन्हींत हा बिघाड होणार नाही.

पहिली तपासणी: दुसरी कार्ट्रिज

खर्च शून्य. तीन-चार वेगवेगळ्या कार्ट्रिज घालून पाहा. एकच अडखळत असेल तर दोष तिच्यात आहे आणि कन्सोल उघडायचं कारण नाही. सगळ्या अडखळत असतील तरी कार्ट्रिज निर्दोष ठरत नाहीत. एका मळक्या कार्ट्रिजचा मळ कनेक्टरला लागतो आणि तिथून पुढच्या स्वच्छ कार्ट्रिजला. म्हणून कार्ट्रिज आणि कनेक्टर दोन्ही एकाच बैठकीत साफ करावे लागतात.

इथेच आणखी एक चाचणी करून घ्या. कार्ट्रिज पूर्ण आत ढकलून खाली दाबा. नाही चालली तर मिलिमीटरभर बाहेर घेऊन दाबा. त्या एका खोलीवर चालत असेल तर कनेक्टरच्या पिना नेहमीच्या जागी दबून गेल्या आहेत किंवा तिथेच मळ साचला आहे. हे निदान झालं. रोज तसंच अर्धवट घालून खेळू नका, पिनांवर तिरका दाब येतो.

आणि फुंकर मारू नका. फुंकल्यावर कधी कधी खेळ सुरू होतो हे खरं, पण ते बहुधा कार्ट्रिज काढून परत घातल्यामुळे होतं. घालता-काढताना संपर्क घासले जातात आणि नवी जागा मिळते. फुंकरीतून मात्र ओलावा आणि थुंकीचे कण जातात आणि ते धातूवर हळूहळू गंज धरतात. बऱ्याच जुन्या कार्ट्रिजच्या संपर्कांवर जे काळे-हिरवे डाग दिसतात, त्यांत या सवयीचा मोठा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे.

दुसरी: कार्ट्रिजचे संपर्क पुसणं

९० टक्के किंवा त्याहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. काडी ओली करा, पण थेंब गळू देऊ नका. संपर्कांच्या लांबीच्या दिशेने पुसा, आडवं नको, कारण आडवं घासल्यावर मळ दोन संपर्कांच्या मधल्या फटीत बसतो. दोन्ही बाजू पुसा. काडी काळी होत राहील तोवर नवी घ्या, शेवटी कोरडी फिरवा. टोकाकडचे संपर्क जास्त वेळ पुसा, ते चार महत्त्वाचे तिथेच आहेत.

कार्ट्रिजच्या मागच्या लेबलवर निन्टेंडोने बेंझिन, थिनर, अल्कोहोल वापरू नका असं छापलेलं असतं. मी आयसोप्रोपिल वापरतो, पण फक्त धातूच्या पट्ट्यांवर. लेबल आणि प्लास्टिक यांना लागू देत नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण मात्र कधीही नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिक वितळवतं.

मधल्या भागात काही संपर्कच दिसत नसतील तर घाबरू नका. विस्तारासाठी राखून ठेवलेले दहा संपर्क बहुतेक खेळांना लागत नाहीत, म्हणून अनेक कार्ट्रिजच्या बोर्डवर ते मुळात बनवलेच नव्हते.

पुसून भागलं नाही तर कार्ट्रिज उघडा. त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा गेमबिट स्क्रू-ड्रायव्हर लागतो. अगदी सुरुवातीच्या कार्ट्रिजना साधे चपट्या खाचेचे स्क्रू आहेत. बोर्ड हातात आला की हट्टी डागांवर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि नंतर चुरा अल्कोहोलने पुसून काढा. धातू चकाकवायच्या पेस्टी, सँडपेपर, काचतंतूंचा ब्रश यांपासून लांब राहा. संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि आज चकाकणारी कार्ट्रिज काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट होते. खेळ जतन करणाऱ्या कार्ट्रिजमध्ये बटण-बॅटरी असते. तिथे धातूचं हत्यार टेकू देऊ नका, नाहीतर जतन केलेला खेळ पुसला जाईल.

अडॅप्टरबद्दल थोडक्यात

दिवा लुकलुकतो आहे म्हणजे वीज येते आहे, त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका. दिवा मंद असेल, चित्रात पट्टे सरकत असतील किंवा अडॅप्टर मूळचा नसेल तरच पाहा. मूळ अमेरिकी अडॅप्टर ९ व्होल्ट एसी, १.३ अँपिअरचा आहे. एनईएसच्या आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि ७८०५ रेग्युलेटर (स्थिर ५ व्होल्ट देणारा) असल्याने त्याला ९ व्होल्टचा पुरेशा क्षमतेचा डीसी अडॅप्टरही चालतो, आणि धन-ऋण उलटसुलट असलं तरी बिघडत नाही. याचं उलट मात्र खरं नाही. एनईएसचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमसारख्या डीसी मागणाऱ्या कन्सोलला लावला तर तो कन्सोल जळू शकतो. घरात अनेक जुने कन्सोल असतील तर प्रत्येक अडॅप्टरवर नाव लिहून ठेवा. आणि अमेरिकी अडॅप्टर १२० व्होल्टसाठी आहे, २३० व्होल्टच्या भिंतीत थेट खुपसू नका.

तिसरी: कन्सोल उघडून कनेक्टर काढणं

अडॅप्टर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून सोडा म्हणजे आतल्या कपॅसिटरमधला उरलेला भार उतरेल. खालचे सहा स्क्रू साध्या फिलिप्सचे आहेत. वरचं झाकण निघालं की पत्र्याचं कवच, त्याखाली कार्ट्रिजचा ट्रे. आतले स्क्रू सगळे एका लांबीचे नाहीत. प्रत्येक थराचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवा आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. ट्रेच्या जागी भलता स्क्रू आवळला तर ट्रे तिरका बसतो आणि स्वच्छ कनेक्टर असूनही दिवा लुकलुकत राहतो.

ट्रे पुढे सरकवून काढला की मदरबोर्ड उचलता येतो. त्याच्या कडेवर बसलेला काळा लांब कनेक्टर दोन्ही टोकांना आळीपाळीने थोडा थोडा ओढून सोडवा. हा सोल्डर केलेला नसतो, नुसता घट्ट बसलेला असतो.

आता ज्याकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात ती गोष्ट. या कनेक्टरला दोन तोंडं आहेत. एकात कार्ट्रिज जाते, दुसऱ्यात मदरबोर्डची कड. ही कड इतक्या वर्षांत एकदाही पुसलेली नसते आणि तिच्यावर राखट थर बसलेला असतो. कार्ट्रिजसारखीच ती दोन्ही बाजूंनी अल्कोहोलने पुसा, लागलं तर खोडरबर. नुसती ही कड पुसून आणि कनेक्टर काढून परत बसवून दिवा स्थिर झालेले कन्सोल मी वारंवार पाहिले आहेत. नवा कनेक्टर टाकल्यावर बरं वाटतं, त्यातही अर्धं श्रेय पुष्कळदा या काढण्या-बसवण्याचं असतं.

चौथी: कनेक्टर उकळणं

ऐकायला विचित्र वाटतं, पण काम करतं. सुटा कनेक्टर, ज्यावर फक्त प्लास्टिक आणि धातूच्या पिना आहेत, तो पाण्यात पाच ते दहा मिनिटं उकळा. शुद्ध केलेलं पाणी मिळालं तर उत्तम, नळाच्या पाण्यातले क्षार पिनांवर बसतात. बाहेर काढून पाणी झटका, एखाद्या सामान्य कार्ट्रिजचा सुटा बोर्ड त्यात पाच-सहा वेळा घाला-काढा, प्रत्येक वेळी बोर्ड पुसा. लागलं तर पुन्हा एकदा उकळा. उष्णतेने चिकट मळ सुटतो आणि बोर्ड घासल्याने तो बाहेर येतो.

मग पूर्ण एक दिवस, जमलं तर दोन दिवस वाळू द्या. घाई करू नका. पिनांच्या मुळाशी पाणी राहिलं आणि तुम्ही वीज दिली तर बिघाड वाढेल. भट्टीत किंवा हेअर ड्रायरच्या कडक वाऱ्यात वाळवू नका, प्लास्टिक वाकतं.

सुईने प्रत्येक पिन वर उचलायचा सल्लाही दिला जातो. मी तो देत नाही. या कनेक्टरची रचनाच अशी आहे की कार्ट्रिज आत सहज जावी आणि खाली दाबल्यावर पिनांनी पकडावी. पिना हाताने वाकवल्या की ही पकड असमान होते. एखाद-दुसरी पिन डोळ्यांना दबलेली दिसत असेल तर तेवढीच, अगदी किंचित उचला. गेम जिनीसारखं (कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्यामध्ये लावायचं) जाड बोर्डाचं उपकरण वर्षानुवर्षं वापरलेल्या कन्सोलमध्ये सगळ्याच पिना ताणलेल्या असतात. तिथे नवा कनेक्टर हाच मार्ग.

पाचवी: नवा कनेक्टर

बाजारातल्या नव्या ७२ पिनांच्या कनेक्टरांचा दर्जा एकसारखा नसतो. त्यांतले अनेक कनेक्टर कार्ट्रिज इतकी आवळून धरतात की काढताना जोर लावावा लागतो, आणि त्या ओढाताणीत कार्ट्रिजचे संपर्क खरवडले जातात. कार्ट्रिज न दाबताच खेळ सुरू होत असेल तर समजा की पकड गरजेपेक्षा घट्ट आहे. म्हणून मूळ कनेक्टर टाकून देऊ नका. उकळून साफ केलेला मूळ कनेक्टर मला स्वस्त नव्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

सहावी: चौथी पिन

आता तो बदल. इथवरच्या पायऱ्यांनंतर खेळ चालतात पण अधूनमधून दिवा लुकलुकतो, किंवा दुसऱ्या प्रदेशातल्या कार्ट्रिज चालवायच्या आहेत, तर हा करावा.

मदरबोर्डवर १६ पायांची ती लॉकआउट चिप शोधा. उत्तर अमेरिकी कन्सोलमध्ये तिच्यावर ३१९३ए लिहिलेलं असतं, युरोपच्या मोठ्या भागात ३१९५ए, ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलियाकडच्यांवर ३१९७ए. चिपची खाच डाव्या हाताला येईल असा बोर्ड धरा. खालच्या ओळीत डावीकडून पहिला पाय क्रमांक एक, तिथून उजवीकडे मोजत चौथा. दोनदा मोजा.

हा पाय चिपला सांगतो की तू कुलूप आहेस. त्याला पाच व्होल्ट मिळाले की ती कुलूप म्हणून वागते आणि समोरच्या चिपवर पहारा ठेवते. तो ग्राउंडला जोडला की ती स्वतःला किल्ली समजते. मग कन्सोलमध्येही किल्ली, कार्ट्रिजमध्येही किल्ली, आणि रीसेट करणारं कोणीच उरत नाही.

बारीक टोकाच्या कटरने पाय बोर्डाच्या पृष्ठभागाजवळ कापा, चिपच्या अंगाजवळ नको. मग तो हलकेच वर वाकवा, एकदाच. पुन्हा पुन्हा वाकवला तर मुळातून तुटतो. असा उभा ठेवलेला पाय पुढे कधीही खाली आणून सोल्डर करता येतो, म्हणजे बदल उलटवता येतो. अनेक जण इथेच थांबतात आणि बहुधा चालतंही. पण अधांतरी पाय कधी कुठली पातळी पकडेल याचा नेम नाही. त्यावरून एक छोटी तार आठव्या पायाला, म्हणजे ग्राउंडला, सोल्डर करा. आठवा पाय आणि पत्र्याचं कवच यांच्यात सातत्य (अखंड विद्युत जोडणी) आहे ना, हे मल्टिमीटरच्या बीपने आधी खात्री करून घ्या. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

या बदलाने काय होत नाही तेही ऐका. संपर्क सुधारत नाहीत. मळका कनेक्टर तसाच ठेवून पिन कापली तर लुकलुकणं थांबतं आणि त्या जागी राखाडी पडदा किंवा विस्कटलेली चित्रं येतात. शिवाय दिव्याने मिळणारी सूचना कायमची जाते, पुढच्या वेळी दोष शोधणं अवघड होतं. आणि परदेशी कार्ट्रिज सुरू झाली तरी ५० हर्ट्झच्या (युरोपी) कन्सोलवर ६० हर्ट्झचा (अमेरिकी) खेळ हळू चालतो, काही खेळांत चित्रही बिघडतं. तो वेग या पिनेने बदलत नाही.

एवढं करूनही नाही चाललं तर

मल्टिमीटर असेल तर दोन मोजमापं घ्या. पहिलं, अडॅप्टर पूर्ण काढलेला असताना, कार्ट्रिजचा सुटा बोर्ड कनेक्टरमध्ये बसवून त्याच्या ७२ क्रमांकापासून मदरबोर्डच्या ग्राउंडपर्यंत आणि मग ३४, ३५, ७०, ७१ या संपर्कांचं सातत्य. कार्ट्रिज हलकी हलवताना बीप तुटत असेल तर दोष अजून कनेक्टरमध्येच आहे, पुढे जाऊ नका. दुसरं, कन्सोल चालू असताना ७८०५ च्या बाहेर पडणाऱ्या पायावर ग्राउंडच्या संदर्भात ५ व्होल्ट. ४.७५ च्या खाली असेल तर रेग्युलेटर किंवा त्याच्या आधीचा मोठा कपॅसिटर संशयित. मोजताना टोक घसरून शेजारच्या पायाला लागू देऊ नका. हात स्थिर नसेल तर हे दुसरं मोजमाप सोडून द्या.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

- अडॅप्टर गुणगुणतो, तापतो किंवा जळका वास येतो. अडॅप्टर उघडायचा नाही, त्यात भिंतीतला वीजदाब आहे. तो बदलायचा.
- मदरबोर्डच्या कडेवरची एखादी पट्टी उखडली आहे किंवा सोल्डर करताना बोर्डवरचा तांब्याचा माग सुटला आहे. जोर लावून चिकटवू नका, तुटका तुकडाही फेकू नका. सूक्ष्मदर्शकाखाली काम करणाऱ्याला तो जोडता येतो.
- संपर्कांची खात्री झाली, ५ व्होल्ट बरोबर आहेत, तरी प्रत्येक खेळात तीच गडबड त्याच जागी दिसते. मग चित्राची चिप आरपी२सी०२, तिची मेमरी किंवा प्रोसेसर आरपी२ए०३ यांच्याकडे बोट जातं. दोन्ही मुख्य चिपांना चाळीस पाय आहेत आणि त्या बोर्डवर थेट सोल्डर केलेल्या आहेत. सोल्डर शोषून घेणाऱ्या यंत्राशिवाय त्या काढायला गेलात तर बोर्डची छिद्रं जातात आणि वाचण्यासारखा कन्सोलही हातचा जातो.
- बोर्डवर गळलेल्या कपॅसिटरचा किंवा पाणी शिरल्याचा चिकट डाग पसरला आहे.
- याआधी कधीच सोल्डरिंग केलेलं नाही. तेव्हा चौथ्या पिनेसाठी हा कन्सोल पहिला सराव म्हणून वापरू नका. टाकाऊ बोर्डवरच्या अशाच १६ पायांच्या चिपवर आधी पाय कापणं, वाकवणं आणि तार जोडणं करून पाहा. ते स्वच्छ जमेपर्यंत कनेक्टर परत बसवून, कार्ट्रिज पुसत खेळत राहा. चिप आहे तशीच राहिली तर काहीही बिघडत नाही.

दुरुस्तीला देताना पिन कापली आहे का, कनेक्टर मूळचा आहे की बदललेला, आणि कोणता अडॅप्टर वापरता, हे तिन्ही चिठ्ठीवर लिहून कन्सोलला चिकटवा. पिन कापलेली आहे हे माहीत नसेल तर समोरचा स्थिर दिवा पाहून संपर्क ठीक आहेत असं धरतो आणि भलत्याच चिपमध्ये दोष शोधत बसतो.